सरड्याची धाव कुठपर्यंत? कॅरिबियन बेटांवरचे ॲनोल आणि फूटपट्टीने मोजता येणारी उत्क्रांती

(सार्वजनिक विज्ञान व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



उत्क्रांतीवर कुठेही बोलायला उभं राहिलं, की एक प्रश्न हमखास येतो. "हे सगळं ठीक आहे, पण उत्क्रांती होताना कुणी डोळ्यांनी पाहिली आहे का?" विचारणाऱ्याला आपण जीवाश्म दाखवतो, लाखो वर्षं म्हणतो, कोटी वर्षं म्हणतो. तो मान डोलावतो, पण मनात म्हणतो, म्हणजे हाही विश्वासाचाच मामला झाला. मला हा प्रश्न रास्त वाटतो. म्हणून आज डायनोसॉर नाही, आदिमानव नाही. आज एक झाडावरचा सरडा, आणि त्याचा पाय मोजायला एक पट्टी. एवढ्याच सामानावर तासभर काढायचा आहे.

हा प्राणी कोण?

या सरड्यांना ॲनोल म्हणतात. घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आणि विशेषतः कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर. एकूण चारशेच्या आसपास प्रजाती, त्यातल्या साधारण दीडशे या बेटांवरच्या. बहुतेक ॲनोल वितीच्या आतबाहेर असतात, शेपटी धरून. क्युबातला सगळ्यात मोठा मात्र शेपटीसकट जवळजवळ अर्धा मीटर भरतो.

डोळ्यांपुढे आणायचा तर असं करा. आपल्या कुंपणावरचा सरडा घ्या आणि त्याला भिंतीवरच्या पालीची बोटं लावा. आपला बागेतला सरडा नख्यांच्या जोरावर चढतो. ॲनोलच्या बोटांखाली पालीसारख्या रुंद गाद्या असतात. गादीवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक केस. केसाचं टोक आणि पान यांच्यातल्या रेणूंचं एकमेकांना किंचित ओढणं, हाच तो 'डिंक'. एका केसाची ओढ नगण्य, पण लाखोंची मिळून सरडा गुळगुळीत पानावर उलटा चालू शकतो. गंमत म्हणजे पालीचं आणि ॲनोलचं या बाबतीत नातं नाही. दोघांनी ही युक्ती स्वतंत्रपणे मिळवली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नराच्या गळ्याखाली कातडीची घडी असते. ती त्याने पसरली की पंखा उघडल्यासारखी दिसते, लाल, पिवळी, नारिंगी, प्रजातीप्रमाणे वेगळी. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दमात घ्यायला. तुमच्यापैकी कुणी पावसाळ्याच्या तोंडावर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलं असेल, तर असा पंखा तुम्ही पाहिलेला आहे. निळा, काळा आणि नारिंगी. तो जमिनीवरचा सरडा, घराणं अगदी वेगळं. २०१६ मध्ये त्याच्या गटाचं नव्याने वर्णन झालं, तेव्हा शास्त्रीय नावातच आपला मराठी शब्द घेतला: 'सरडा सुपर्बा'. पंख्याची कल्पनासुद्धा दोन खंडांत दोनदा निघाली.

धाव कुंपणापर्यंत नाही

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण म्हणतो. मग हे समुद्रातल्या बेटांवर पोचले कसे? वादळात नदीकाठची झाडं उन्मळतात, एकमेकांत अडकून तराफा होतो आणि त्यावरचे जीव वाहत जातात. हे नुसतं अनुमान नाही. १९९५ च्या चक्रीवादळांनंतर अँग्विला बेटाच्या किनाऱ्याला असा ओंडक्यांचा ढीग लागला आणि त्यावरून किमान पंधरा हिरवे इग्वाना उतरले. इग्वाना म्हणजे ॲनोलचे लांबचे मोठे भाऊबंद. कोट्यवधी वर्षांत असं थोड्याच वेळा घडलं तरी पुरतं.

आता चार मोठी बेटं घ्या: क्युबा, हिस्पॅनिओला (म्हणजे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असलेलं बेट), जमैका आणि प्वेर्तो रिको. या चार बेटांवर जे घडलं, ते जीवशास्त्रातल्या सुंदर गोष्टींपैकी एक आहे.

झाड म्हणजे एक चाळ समजा. तळमजल्यावर, खोडाच्या बुंध्याशी, डोकं खाली करून बसलेला सरडा. पाय लांब, अंग भरलेलं. जमिनीवर किडा हलला की उडी मारून पकडतो. मधल्या खोडावर चपट्या अंगाचा. वरच्या पानांत हिरवा, मोठ्या गाद्यांचा. अगदी शेंड्याला मोठ्या डोक्याचा दांडगा. बारीक डहाळ्यांवर काटकुळा, आखूड पायांचा, शेवाळी रंगाचा, जो चालतो की डहाळी हलते हे कळू नये इतका हळू. आणि अंगणात, गवता-झुडपांत, सडपातळ आणि लांबलचक शेपटीचा. असे सहा बिऱ्हाडकरू.

हार्वर्डच्या प्राणिशास्त्र संग्रहालयातल्या अर्नेस्ट विल्यम्स यांनी १९७२ मध्ये या प्रकारांना नाव दिलं. 'इकोमॉर्फ', म्हणजे राहण्याच्या जागेशी जुळलेला देहाचा साचा. त्यांच्या लक्षात आलं, की क्युबात हे सहाही आहेत, हिस्पॅनिओलात सहाही आहेत, प्वेर्तो रिकोत पाच, जमैकात चार. क्युबातला डहाळीवरचा आणि जमैकातला डहाळीवरचा शेजारी ठेवले, तर अनोळखी माणूस त्यांना सख्खे भाऊ म्हणेल.

पण ते सख्खे आहेत का? इथे दोन शक्यता होत्या. एक, डहाळीवरचा सरडा एकदाच तयार झाला आणि चारही बेटांवर पसरला. दोन, प्रत्येक बेटावर तो नव्याने तयार झाला. १९९८ मध्ये जोनाथन लोसोस आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून वंशावळ मांडली. उत्तर जवळजवळ सगळीकडे दुसरं निघालं. जमैकातल्या डहाळीवाल्याचे जवळचे नातलग म्हणजे जमैकातलेच बुंध्यावरचे आणि शेंड्यावरचे. क्युबातला जुळा दिसणारा तो परका. प्रत्येक बेटाने तीच बिऱ्हाडं आपापल्या माणसांतून भरली होती.

लांब पाय चांगले की आखूड?

असं का व्हावं? इथे लोसोस यांनी एक साधी गोष्ट केली. वेगवेगळ्या जाडीच्या दांड्यांवर सरडे पळवले. जाड दांड्यावर लांब पायांचे भराभर पळाले. दांडा बारीक होत गेला तसा त्यांचा वेग गेला, तोल गेला, ते अडखळायला लागले. आखूड पायांचे कधीच वेगवान नव्हते, पण बारीक काडीवरही सरळ चालत राहिले.

म्हणजे 'चांगला पाय' असं काही नसतं. अमुक जाडीच्या फांदीसाठी चांगला, एवढंच म्हणता येतं. आणि फांद्या चारही बेटांवर सारख्याच. प्रश्नपत्रिका एकच, म्हणून उत्तरंही मिळतीजुळती.

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं, की जीवसृष्टीची टेप मागे नेऊन पुन्हा वाजवली, तर दर वेळी वेगळंच गाणं निघेल, कारण योगायोगाचा वाटा फार मोठा. ॲनोलची बेटं म्हणजे चार वेळा वाजलेली टेप, आणि गाणं बरंचसं तेच निघालं. तरी हा सगळा झाला भूतकाळ. आपला प्रश्न होता, होताना कुणी पाहिलं का?

फसलेला प्रयोग

१९७७ आणि १९८१ मध्ये थॉमस शोनर आणि सहकाऱ्यांनी बहामा द्वीपसमूहात एक प्रयोग लावला. तिथल्या 'स्टॅनियल की' या बेटावरचे तपकिरी ॲनोल घेतले आणि सरडे नसलेल्या चौदा बारक्या बेटांवर पाच-दहा, पाच-दहा असे सोडले. 'की' म्हणजे तिकडे लहानसं सखल बेट. मूळ बेटावर चांगली झाडं, या बारक्या बेटांवर खुरटी झुडपं. हेतू होता सरडे नामशेष कसे होतात हे बघायचा. सरडे मात्र मरेनात. बहुतेक ठिकाणी ते टिकले आणि चांगले वाढले. त्या अर्थाने प्रयोग फसला.

दहा-चौदा वर्षांनी पुन्हा जाऊन त्यांचे पाय मोजले. सरडा धरायची पद्धत गमतीची आहे. मासे धरायच्या काठीच्या टोकाला दोऱ्याचा सरफास, तो हळूच गळ्यात अडकवायचा. मापं घ्यायची आणि परत सोडायचा. मापांत दिसलं, की ज्या बेटावरची झुडपं मूळ बेटाहून जास्त वेगळी, तिथले सरडेही जास्त बदललेले, आणि पायांची लांबी फांद्यांच्या जाडीशी जुळती. हा निबंध १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आता शास्त्राची खरी पद्धत बघा. पहिली शंका त्यांनी स्वतःच काढली. आखाड्यात वाढलेल्या पोराचे दंड भरतात, त्याला आपण उत्क्रांती म्हणत नाही. तसं बारीक काड्यांवर वाढल्यामुळेच पाय आखूड राहिले असतील तर? त्यांनी प्रयोगशाळेत पिल्लं वाढवली, काही रुंद पट्ट्यांवर, काही बारीक काड्यांवर. आणि खरंच, रुंद पट्ट्यांवरच्यांचे पाय थोडे लांब भरले. म्हणजे आधीच्या निकालात वाढीचा वाटा किती आणि आनुवंशिकतेचा किती, हा प्रश्न पुन्हा उघडा झाला. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षावर आपणच बोट ठेवायचं, आणि तेही छापून सांगायचं. हे मला त्या निष्कर्षाइतकंच मोलाचं वाटतं.

शंका फेडणारी उत्तरं पुढे मिळाली. फ्लोरिडातल्या खाजणातल्या काही लहान बेटांवर हिरवे ॲनोल राहत होते. १९९५ मध्ये त्यातल्या काहींवर तपकिरी ॲनोल सोडले गेले. तपकिरी खालचे मजले बळकावतात. हिरवे काही महिन्यांतच वर सरकले. पंधरा वर्षांनी, म्हणजे सुमारे वीस पिढ्यांनी, वर गेलेल्या हिरव्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या झाल्या होत्या, पट्ट्या वाढल्या होत्या. आणि अंड्यांतून काढलेली पिल्लं एकाच वातावरणात वाढवली तरी फरक टिकला. २०१४ मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. इथे आखाड्याची सबब चालत नाही.

सात जोडपी

२००४ मध्ये फ्रान्सिस चक्रीवादळाने बहामातली सात बारकी बेटं सरड्यांपासून साफ केली. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी शेजारच्या झाडीच्या बेटावरून सरडे आणून प्रत्येक ठिकाणी एक नर आणि एक मादी सोडली. निवड केली नाही, हाताला येईल ती जोडी. त्यामुळे काही बेटांचे मूळपुरुष लांब पायांचे, काहींचे आखूड पायांचे निघाले.

पुढच्या काही वर्षांत सातही ठिकाणी पाय आखूड होत गेले. झुडपं बारीक, त्यामुळे अपेक्षितच. पण क्रम मोडला नाही. ज्या बेटाची सुरुवात लांब पायांच्या जोडप्याने झाली, तिथले वंशज आखूड होऊनही इतरांपेक्षा लांबच राहिले. परिस्थिती सगळ्यांना एका दिशेला ढकलत होती, आणि पहिलं जोडपं कोण होतं हा योगायोगही पुसला जात नव्हता. गूल्ड आणि त्यांचे विरोधक, दोघांच्याही पदरात काहीतरी पडलं.

वारा आणि पकड

आता सगळ्यात अलीकडची गोष्ट. २०१७ मध्ये कॉलिन डॉनिह्यू आणि सहकारी टर्क्स आणि कायकोस या बेटसमूहातल्या 'पाइन की' आणि 'वॉटर की' इथे काम करत होते. बेटांवरचे उंदीर काढायची योजना होती, त्याआधीची नोंद म्हणून तिथले ॲनोल मोजायचे होते. ते काम संपवून परतले आणि चारच दिवसांत इर्मा चक्रीवादळ आलं. दोन आठवड्यांनी मारिया.

त्यांच्या लक्षात आलं, की वादळाच्या अगदी आधीची मापं आपल्या वहीत आहेत. काही आठवड्यांत ते परत गेले, वाचलेले सरडे धरले, मोजले. वाचलेल्यांच्या गाद्या सरासरीने मोठ्या. पुढचे पाय लांब, मागच्या पायाच्या मांडीचा भाग आखूड. दोन्ही बेटांवर तोच नमुना. दीड महिन्यात मोठ्या सरड्याचे पाय काही बदलत नाहीत. म्हणजे सरडे बदलले नव्हते. ज्यांची मापं वेगळी होती, ते नाहीसे झाले होते.

मोठी गादी समजली, पुढचे लांब पायही समजले. मागचे आखूड का? त्यांनी बागेतला पालापाचोळा उडवायचा जोरदार पंखा, म्हणजे लीफ ब्लोअर घेतला. सरड्याला काठीवर बसवलं, मागे जाळी लावली आणि वारा वाढवत नेला. सरडा आडोशाला वळतो, पुढच्या पायांनी काठी घट्ट धरतो. पण मांड्या बाहेर राहतात आणि त्यांत शिडासारखा वारा भरतो. मागचे पाय सुटतात, शरीर झेंड्यासारखं फडफडतं, शेवटी पकड सुटून तो अलगद जाळीत पडतो. जितकी लांब मांडी, तितकं मोठं शीड.

दीड वर्षाने पुढची पिढी मोजली, तर मोठ्या गाद्या तिच्यातही होत्या. मग १८८ प्रजातींची मापं तपासली. गेल्या सत्तर वर्षांत जिथे चक्रीवादळं जास्त झाली, तिथल्या ॲनोलच्या गाद्या मोठ्या. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

याची किंमत

इथपर्यंत ऐकून एखाद्याला वाटेल, अरे वा, निसर्ग हुशार आहे. वादळं वाढू देत, उष्णता वाढू देत, जीव जुळवून घेतील. हा युक्तिवाद आज मोठमोठी माणसं करतात. माझं आजचं सांगणं मुख्यतः याच्याविरुद्ध आहे.

'जुळवून घेणं' हा शब्दच फसवा आहे. कुठल्याही सरड्याने जुळवून घेतलं नाही. लहान गादीचे वाऱ्याने नेले, मोठ्या गादीचे उरले, आणि उरलेल्यांची सरासरी काढली तर ती सरकलेली दिसली. नैसर्गिक निवड हा मेलेल्यांचा हिशेब आहे. आपण फक्त वाचलेल्यांची मापं घेतो, म्हणून तो गोड दिसतो.

आणि हिशेबाला कुणीतरी उरावं लागतं. १९९६ मध्ये लिली चक्रीवादळाने बहामात समुद्र बेटांवर चढवला. समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बारक्या बेटांवर एकही सरडा राहिला नाही, मग पाय लांब असो की आखूड. तिथे कसली निवड आणि कसली उत्क्रांती?

तिसरी गोष्ट, झाड लागतं. प्वेर्तो रिकोजवळ कुलेब्रा नावाचं छोटं बेट आहे. तिथे शेंड्यावरचा एक दांडगा ॲनोल होता. १९३१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. १९३२ नंतर त्याचा एकही नमुना मिळालेला नाही. बेटावरची मोठी झाडं तोडली गेली होती. १९७७ पासून तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, पण यादीत असणं म्हणजे झाडावर असणं नव्हे. शेंड्यासाठी घडलेल्या देहाला शेंडाच उरला नाही, तर बदलायला वेळ कुठून मिळणार?

शेवटी घरचं थोडं. चाळकेवाडीच्या ज्या पठाराचा मघाशी उल्लेख केला, तिथे पवनचक्क्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचा वावर बराच कमी. त्यामुळे सरडे संख्येने जास्त, अंगातलं ताणाचं संप्रेरक कमी, माणूस जवळ गेला तरी लवकर न पळणारे, आणि नरांचे रंग फिके. हा बदल आनुवंशिक आहे असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पण आपण काहीतरी उभं केलं, की साखळीत तीन कड्या पलीकडे सरड्याच्या गळ्याचा रंग हलतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग सरड्याची धाव कुठपर्यंत? समुद्र ओलांडून जाण्याइतकी लांब. फक्त पलीकडे झाड असायला हवं.

प्रश्नोत्तरांतून

*पाय बदलले, गाद्या बदलल्या, पण सरडा शेवटी सरडाच राहिला. नवी प्रजाती झालेली कुणी पाहिली?*

पंधरा वर्षांत नवी प्रजाती झाली असं कुणीच म्हटलेलं नाही. पण हे बघा, क्युबातल्या बुंध्यावरच्या आणि डहाळीवरच्या ॲनोलमध्ये फरक कशाचा आहे? पायांच्या लांबीचा, गाद्यांचा, डोक्याच्या आकाराचा. पंधरा वर्षांत जो बदल मिलिमीटरच्या अंशाने दिसला, तो त्याच प्रकारचा आहे. बेटांकडे पंधरा नाही, कोट्यवधी वर्षं होती. रोज थोडा सरकणारा नदीचा काठ पाहिला, की खोरं कसं झालं हे समजायला खोरं होताना पाहावं लागत नाही.

*आमच्यासारख्या सामान्य माणसाने यात काय करायचं?*

नोंद ठेवायची. इर्माची गोष्ट कळली, कारण वादळाच्या आधीची मापं वहीत होती. कोकणात २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, तेव्हा पडलेल्या माडा-पोफळींचे पंचनामे झाले, कारण वाडीत किती झाडं होती हे घरच्यांना पाठ होतं. झाडावरच्या जीवांचा पंचनामा करायचा तर त्यांचीही आधीची मोजणी लागते. तुमच्या कुंपणावर किती सरडे आहेत, कुठल्या झाडावर, जमिनीपासून किती उंच, कोणत्या महिन्यात, एवढं तारखेसकट लिहून ठेवा. धरायची किंवा हाताळायची गरज नाही. आज ती वही कंटाळवाणी वाटेल. तिचा उपयोग कधी होणार, हे आधी कळत नाही. पाइन की बेटावर मापं घेणाऱ्यांनाही ते कळलेलं नव्हतं.